सेंटर जागेवर आलं पाहिजे

गुडघे बदललेली माणसं आमच्या भुसावळात गल्लोगल्ली सापडतील. खांदा बदललाय म्हटलं की मात्र समोरचा आधी हाताकडे बघतो, मग तोंडाकडे, आणि विचारतो, "खांदापण बदलतात का हो?" बदलतात. माझा उजवा बदलला. गुडघ्याच्या मानानं हे ऑपरेशन फार कमी लोकांचं होतं, त्यामुळे अनुभव विचारायला शेजारीपाजारी कुणी मिळत नाही. मला मिळालं नव्हतं. ज्यांना डॉक्टरांनी हे सुचवलंय त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितोय.

माझी नोकरी रेल्वेत गेली, लोको वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून. ड्रॉइंग बघितल्याशिवाय आणि माप घेतल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, ही सवय रिटायर झाल्यावरही सुटली नाही. त्यामुळे डॉक्टरांना मी भंडावून सोडलं. ते वैतागले नाहीत, उलट माझ्याच फायलीच्या पाठीवर आकृत्या काढून दाखवत गेले. पुढे जी मापं येतील ती त्यांनी सांगितलेली आणि मी नंतर वाचून पडताळलेली.

दुखणं कसं सुरू झालं ते थोडक्यात. आधी हात बाहेरच्या बाजूला फिरेना. कोपर अंगाला लावून पंजा बाहेर नेऊन बघा, धडधाकट माणसाचा पन्नास-साठ अंश सहज जातो. माझा नाकासमोरच अडायचा. मग शर्टाची बाही चढवताना कळ यायला लागली, मग फडताळातला वरचा डबा काढता येईना. रात्री त्या कुशीवर वळायची सोय उरली नाही. हात फिरवला की आतून करकर आवाज यायचा, तो शेजारी बसलेल्या हिलाही ऐकू जायचा. तेल, शेक, गोळ्या, सांध्यात इंजेक्शन, सगळं झालं. इंजेक्शननं काही महिने बरे गेले आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

एक्स-रेत सांध्यातली फट संपलेली. डॉक्टर म्हणाले, "काका, कूर्चा गेली. हाडावर हाड घासतंय." पण तेवढ्यावर त्यांनी ऑपरेशन ठरवलं नाही. आधी एमआरआय करायला लावला, कारण त्यांना हाडापेक्षा स्नायूंची चौकशी जास्त होती. खांद्याभोवती चार स्नायूंचे पट्टे असतात, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. खांद्याची वाटी खुब्याच्या वाटीएवढी खोल नसते, अगदी उथळ असते. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा तिच्या मध्यावर टिकतो तो या पट्ट्यांच्या जोरावर. पट्टे शाबूत असतील तरच मूळची रचना परत उभी करण्यात अर्थ. ते फाटून गेले असतील तर वेगळंच, उलट्या रचनेचं ऑपरेशन करतात. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण माझ्या साडूचं तेच निघालं.

माझे पट्टे शाबूत निघाले. मग सीटी स्कॅन. कॉम्प्युटरवर आपलं हाड असं फिरवून फिरवून बघायला मिळतं की माझ्यातला फिटर खूश झाला. वाटी मागच्या बाजूनं जास्त झिजली होती आणि गोळा थोडा मागे सरकला होता. गोळ्याच्या खालच्या कडेला हाडाची वाढ लोंबत होती, टोकदार. "याला आमच्यात बोकडाची दाढी म्हणतात," डॉक्टर म्हणाले. दिसतही तशीच होती. "आता नीट ऐका. हा दिसतोय तो तुमचा खरा गोळा नाही. दाढीसकट माप घेतलं तर गोळा आहे त्यापेक्षा मोठा वाटेल आणि काप भलत्याच जागी जाईल. आधी ही सगळी वाढ काढायची, मग हाडाची मूळची मान उघडी पडते, मग तिच्या कडेकडेनं काप घ्यायचा."

इथून आमची खरी चर्चा सुरू झाली. मी विचारलं, नवा गोळा किती अंशात बसवायचा ते कोण ठरवतं? कंपनीचं ड्रॉइंग असेल ना? ते हसले. "ड्रॉइंग तुमचं तुमच्याच हाडात आहे. आम्ही फक्त ते वाचायचं."

दंडाच्या हाडाची दांडी आणि गोळा यांच्यातला कोन सरासरी 135 अंशांचा असतो. पण ती सरासरी झाली. कुणाचा 125 निघतो, कुणाचा 145. गोळा सरळ आत तोंड करून बसलेला नसतो, थोडा मागे वळलेला असतो. तेही सरासरी 20 ते 30 अंश, पण कुणात जेमतेम 5-10 आणि कुणात 50. आणि मला सगळ्यात भावली ती गोष्ट ही की गोळ्याचं सेंटर दांडीच्या सेंटर लाइनवर नसतंच. साधारण 6-7 मिलिमीटर आतल्या बाजूला आणि 2-3 मिलिमीटर मागे, असा ऑफसेट निसर्गानंच दिलेला आहे. वर गोळ्याचा माथा शेजारच्या हाडाच्या उंचवट्यापेक्षा 5 ते 8 मिलिमीटर वर असतो. त्या उंचवट्यावर रोटेटर कफचे तीन पट्टे येऊन चिकटतात. गोळा नको तितका वर बसला तर पट्टे ताणले जातात, खाली बसला तर उंचवटाच वरच्या हाडाला अडतो.

म्हणजे काम टिपटॉप गोळा बसवण्याचं नाहीच. फिरण्याचं सेंटर मूळ जागी आणून ठेवण्याचं आहे. गोळा हे त्याचं साधन.

हे शहाणपण डॉक्टरलोकांनाही एका दिवसात आलेलं नाही. पॅरिसमध्ये ज्यूल पेआँ या सर्जननं 1893 साली क्षयानं पोखरलेल्या खांद्यात प्लॅटिनम आणि रबराचा सांधा बसवला होता. जंतुसंसर्गामुळे तो दोनेक वर्षांत काढावा लागला. मग 1950च्या दशकात अमेरिकेतल्या चार्ल्स नीअर यांनी धातूचा गोळा आणला, तोही मुळात चुरा झालेल्या खांद्यांसाठी. धातूची दांडी आणि गोळा एकाच तुकड्यात, मापं मोजकी. दांडी हाडाच्या पोकळीत जिथं बसेल तिथं गोळा आला, असा हिशेब. 1990च्या दशकात ब्वालो आणि वाल्श या फ्रेंच सर्जननी खांद्याच्या हाडांची तिन्ही बाजूंनी मापं घेतली आणि माणसागणिक ती किती बदलतात ते आकड्यांत मांडलं. त्यानंतर असे सांधे रुळले की ज्यात कोन बदलता येतो आणि गोळा दांडीवर मध्यापासून सरकवून बसवता येतो. आता तर आखूड दांडीचे आणि बिनदांडीचेही मिळतात. बिनदांडीच्या सांध्यात हाडाच्या दांडीच्या लाइनशी बांधून घ्यायची गरजच उरत नाही, पण हाड आतून घट्ट लागतं. माझं हाड वयाच्या मानानं ठीक, तरी डॉक्टरांनी आखूड दांडी घेतली. मी वाद घातला नाही.

ऑपरेशन थंडीत करायचं हा हट्ट माझा. सहा आठवडे हात झोळीत, म्हणजे बखोट बंद. भुसावळच्या एप्रिल-मेमध्ये ते ज्यानं भोगलं असेल त्याला दंडवत. डॉक्टर नाशिकचे, त्यांना आमचा उन्हाळा ऐकून माहीत होता, त्यांनी लगेच मान्य केलं.

तयारीत शुगर, दात, छातीचा एक्स-रे हे नेहमीचंच. एक गोष्ट मात्र गमतीची. ऑपरेशनच्या आधी काही दिवस खांद्याला आणि बखोटीत लावायला एक औषध दिलं, बेंझॉइल पेरॉक्साइड. घरी नातवानं ट्यूब बघितली आणि लोळलाच. "आबा, हे तर पिंपल्सचं आहे!" तेच ते. मुरुमांमागे असणारा एक जंतू खांद्याच्या कातडीतल्या तेलग्रंथींत खोल दडून राहतो, वरून पुसलेल्या औषधानं पुरता मरत नाही, आणि नव्या सांध्यात शिरला तर महिनोन्‌महिने पत्ता लागू देत नाही. सत्तरीकडे झुकलेला माणूस रोज आरशासमोर पिंपल्सची क्रीम चोळतोय, यावर घरात बरीच करमणूक झाली.

भूल दोन प्रकारची दिली. मानेत इंजेक्शन देऊन हाताच्या नसा बधिर केल्या आणि वर पूर्ण गुंगी. मानेतल्या इंजेक्शनबद्दल आधी नीट विचारून घ्या, एवढं मी कळकळीनं सांगेन, आणि घरच्यांनाही ऐकवा. शुद्धीवर आलो तेव्हा उजवी पापणी खाली पडलेली, आवाज घोगरा, आणि श्वास पुरता भरत नाहीये असं वाटत होतं. हिनं डोळा बघितला आणि तिला वाटलं अर्धांगाचा झटका आला. ती सिस्टरला हाका मारत धावली. खरं तर ते सगळं त्या इंजेक्शनचंच. औषध शेजारच्या नसांपर्यंत पसरतं, त्या बाजूचा श्वासाचा पडदाही थोडा वेळ सुस्तावतो, आणि असर उतरला की सगळं पूर्ववत होतं. मला हे आधी सांगितलं होतं, हिला नव्हतं. संध्याकाळी अमळनेरच्या बहिणीचा फोन. "आते कसं वाटस रे भाऊ?" मी घोगऱ्या आवाजात "बरं शे" म्हटलं तर तिला वाटलं मी रडतोय, आणि तिकडे तीच रडायला लागली.

हाताचा बधिरपणा रात्री उतरला. तो पूर्ण उतरायच्या आधीच गोळ्या सुरू करायच्या असतात. सिस्टरनं उठवून गोळी दिली तेव्हा मला राग आला होता, पहाटे कळलं की ती का दिली.

आता ऑपरेशनमध्ये नेमकं काय केलं ते. मी झोपलेलो असल्यामुळे हे डॉक्टरांकडून ऐकलेलं, आणि डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनची टिपणं असतात, ती मी समोर बसून ओळीनं समजून घेतली. पेशंटला अर्धवट बसवून ठेवतात. खांद्याच्या पुढून बखोटीच्या दिशेनं वीतभर काप. खांद्यावरचा डेल्टॉइड आणि छातीचा स्नायू यांच्यामध्ये एक नैसर्गिक फट आहे, तिच्यातून एक शीर जाते. ती शीर सापडली की वाट सापडली. इथपर्यंत कुठलाही स्नायू कापावा लागत नाही.

पुढे मात्र एक दार बंद असतं. सांध्याच्या पुढच्या बाजूनं कफचा चौथा पट्टा आडवा असतो, सबस्कॅप्युलॅरिस. तो सोडवल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि निघताना तो परत पक्का जोडला नाही तर बाकीचं सगळं काम पाण्यात. सोडवायच्या तीन पद्धती आहेत. पट्टा मध्येच कापून नंतर शिवायचा, हाडापासून सोलून काढायचा, किंवा तो जिथं चिकटलाय तिथली हाडाची पातळ चकतीच त्याच्यासकट उचलायची. माझ्यात तिसरी वापरली. हाड हाडाला जुळतं आणि जुळलं की नाही ते एक्स-रेत दिसतं, हा तिचा फायदा. तिन्ही पद्धतींचे कैवारी आहेत आणि चांगल्या हातात तिन्ही चालतात, असं डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले.

सांध्याच्या खालच्या अंगानं डेल्टॉइडला जाणारी नस असते. तिला धक्का लागला तर खांदा उचलणारा मुख्य स्नायूच पडला, म्हणून ती बोटानं चाचपून सांभाळायची. मग दाढी काढली, मान उघडी झाली, काप घेतला. आणि कापून काढलेल्या गोळ्याला चक्क कॅलिपर लावलं! हे ऐकून मी डॉक्टरांना मनातल्या मनात सलाम ठोकला. कार्डावर गोळ्याचं माप आहे 48 बाय 18. म्हणजे व्यास 48 मिलिमीटर, जाडी 18.

माझ्या एका जुन्या साहेबांनी नंतर विचारलं, "थोडा मोठाच टाकून घ्यायचा, ताकद आली असती." उलट आहे साहेब. दोन-चार मिलिमीटर जाडी जास्त झाली तर सांधा ठासून भरल्यागत होतो. हात वळत नाही, पुढचा शिवलेला पट्टा सतत ताणाखाली राहतो आणि एक दिवस सुटतो, वाटीवरही दाब वाढतो. कमी झाली तर गोळा ढिला फिरतो. म्हणून आधी चाचणीचा गोळा लावून बघतात. हात बाहेर 40 अंश वळला पाहिजे. गोळा मागे ढकलला तर वाटीच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे 50 टक्के, सरकून आपोआप जागेवर परत आला पाहिजे. हात बाजूला काटकोनात धरून आत वळवला तर 60 अंश गेला पाहिजे. 40, 50, 60. मला हा हिशेब तोंडपाठ झालाय.

वाटीचं काम त्याहून नाजूक, आणि माझ्या मते पुढे कधी काही बिघडलं तर तिथंच बिघडेल. मागची कड झिजलेली, म्हणून पुढची उंच कड थोडी घासून पातळी आणली. पण घासायलाही हद्द आहे. वाटीचं हाड मुळातच थोडं, जास्त घासलं तर आधारच उरत नाही. झीज फार असती तर मागे हाडाचा तुकडा किंवा पाचरीच्या आकाराची वाटी बसवावी लागली असती. माझ्यात साधी पॉलिएथिलिनची, म्हणजे प्लॅस्टिकची, वाटी खुंट्यांवर सिमेंटनं बसली. तिची गोलाई गोळ्याच्या गोलाईपेक्षा मुद्दाम थोडी सैल ठेवतात, कारण खरा खांदाही फिरताना एक-दोन मिलिमीटर सरकतो. तेवढी जागा दिली नाही तर गोळा वाटीच्या कडेला दाबतो आणि खुंट्या हलायला लागतात. क्लिअरन्स ठेवावाच लागतो, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

घरी आल्यावरचे आठवडे कंटाळवाणे, त्यांचं फार वर्णन नको. उजवा हात झोळीत, म्हणून डाव्या हातानं चमच्यानं जेवण. कळण्याची भाकरी एका हातानं मोडून बघा. ही कुस्करून द्यायची. भरिताचा मोसम ऐन भरात, वांगी भाजल्याचा वास सगळ्या आळीत, आणि ठेचायला मला कुणी हात लावू देईना. झोपायचं ते पाठीला उशा लावून अर्धवट बसून, कोपराखाली एक उशी. शर्ट पुढून बटणांचा, आधी ऑपरेशनचा हात घालायचा, काढताना तो शेवटी.

व्यायामाच्या ताईंनी तीन गोष्टी बजावल्या होत्या: खुर्चीतून उठताना त्या हातावर भार द्यायचा नाही, हात पाठीमागे न्यायचा नाही, आणि काठीच्या मदतीनं बाहेर वळवताना त्यांनी दाखवलेल्या खुणेच्या पुढे न्यायचा नाही. तिन्ही त्या एका पट्ट्यासाठी. सुरुवातीला फक्त वाकून हात लोंबता ठेवून हलवायचा आणि डाव्या हातानं उजवा वर उचलायचा. स्वतःच्या ताकदीनं उचलायला परवानगी मिळाली ती हाडाची चकती जुळल्याचं एक्स-रेत दिसल्यावर. दुखणं तोवर केव्हाच गेलं होतं, आणि धोका तिथंच आहे. दुखत नाही म्हटल्यावर हात आपोआप कामाला धावतो. बादली दिसली की बोटं तिच्याकडे वळायची आणि ही स्वयंपाकघरातून ओरडायची.

आता फडताळातला वरचा डबा निघतो. हात बाहेर वळतो, डाव्याइतका नाही पण कामापुरता. रात्री कुशीवर झोपतो. घण मारणं, सिलिंडर उचलणं कायमचं बंद, आणि दर वर्षी एक्स-रे, मुख्यतः वाटी ढिली होतेय का ते बघायला. असे सांधे दहा वर्षांनंतरही दहातल्या नऊ जणांचे टिकून असतात, एवढ्यावर मी समाधानी आहे.

माझं बघून साडूनं उचल खाल्ली. तो सावद्याकडचा, केळीचे घड वाहून दोन्ही खांदे कामातून गेलेले. "तुझ्या डॉक्टरकडे ने, तुझ्यासारखंच करून टाकू." नेलं. त्याचे पट्टे कधीचे फाटून आक्रसून गेलेले, गोळा वर सरकून वरच्या हाडाला टेकलेला. डॉक्टर म्हणाले, यांच्यात मूळची रचना परत उभी केली तर गोळा धरून ठेवायला कुणी नाही, आठवड्यात वर सरकेल. यांना उलटा सांधा. त्यात वाटीच्या जागी गोळा आणि दंडाच्या हाडावर वाटी. फ्रान्समधल्या पॉल ग्रामाँ यांनी 1985च्या सुमारास ही कल्पना चालवून दाखवली. त्यात फिरण्याचं सेंटर मुद्दाम आत आणि खाली सरकवतात. डेल्टॉइडला त्यामुळे जास्त तरफ मिळते आणि कफच्या वाटचं कामही तो एकटा ओढतो. मूळ जागा म्हणून मी जी इतकी घोकली होती, ती इथं जाणूनबुजून सोडायची.

साडूला हे सगळं फारसं ऐकायचं नव्हतं. त्यानं एवढंच विचारलं की घड कधी उचलता येतील. डॉक्टरांनी सांगितलं, आता कधीच नाही. तारीख त्यानं पोळ्यानंतरची घेतली आहे. घड उचलायच्या बंदीचं मात्र त्यानं अजून घरी सांगितलेलं नाही, आणि माझ्या मेव्हणीला ते माझ्याकडून कळू नये म्हणून मला दर दोन दिवसांनी फोन करतो.